बुडालेल्या खोऱ्याचा नकाशा आणि मुक्त साधनांची गोष्ट

उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे साधारण ६३ टीएमसी, हा मृतसाठा आहे. त्यामुळे ‘उजनी मायनसमध्ये गेले’ ही उन्हाळ्यातली बातमी इंदापूर, करमाळा, माढा या तालुक्यांना नवी नाही. पाणी फारच खाली गेले, की पळसदेवच्या जुन्या गावठाणातले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. शिखर दिसते, मग भिंती, मग आवारातले वीरगळ आणि सतीशिळा. माणसे बघायला जातात, फोटो काढतात. म्हाताऱ्या माणसांतले कुणी हात करून दाखवते की आमची आळी त्या अंगाला होती. पाऊस पडला की सारे पुन्हा पाण्याखाली जाते.

भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. तेव्हा विशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या आसपास आहे. बुडालेल्या गावात संसार केलेली पिढी तर त्याहून थकलेली. त्या खोऱ्यातले रस्ते, घाट, मळे, बाजाराची जागा हे सारे ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. हे खोरे संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभे करता येईल का? ज्यात नातवाला आजोबांच्या गावातून चालत फिरता येईल, असे काही करता येईल का? आज त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी अवजारे एक पैसाही न देता, कायद्याने आणि कायमची मिळतात. व्हिडिओ गेम आणि आभासी जगे घडवण्याची ही मुक्त साधने कशी आली, मराठीला त्यांत जागा कधी मिळाली आणि त्यांच्या आवाक्याबाहेर काय राहते, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

बारामतीचे शेत, इंदापूरचे गाव

आभासी जग या परिसराला अगदीच परके नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर उसाच्या पिकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू आहे आणि त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. उपग्रहाची चित्रे, जमिनीतले संवेदक आणि हवामान केंद्राच्या नोंदी एकत्र करून शेताची एक संगणकीय प्रतिकृती तयार होते आणि पाणी कधी, किती द्यायचे याचा सल्ला तिच्यावरून मिळतो. यामागच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधनातला ‘फार्मवाइब्ज’ हा साधनसंच २०२२ साली खुला करण्यात आला. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ती कुणालाही वाचता, वापरता आणि बदलता येते.

उसाच्या शेताची प्रतिकृती करायला पैसा उभा राहतो, कारण तिच्यातून टनेज वाढते आणि पाणी वाचते. बुडालेल्या गावाची प्रतिकृती कोण करणार? तिला बाजार नाही. ज्या कामाला बाजार नसतो, ते काम अवजारांच्या किमतीपाशीच अडते. मुक्त साधनांचे खरे मोल अशाच कामांत कळते.

दुसऱ्याच्या वस्तूत हात घालून ती आपल्या परीने पुन्हा घडवणे बारामतीला जुनेच आहे. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकच रामकथा इतक्या परींनी रचली, की त्यांच्या रामायणांची संख्या १०८ सांगितली जाते. त्यांत ओष्ठ्य वर्ण पूर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायणही आहे. स्वतःवर नियम घालून घ्यायचा आणि त्याच्या आत राहून खेळायचे, ही खेळाची व्याख्याच झाली. पण असा खेळ मांडता आला, कारण रामकथेवर कुणाची मालकी नव्हती आणि परवानगी मागण्याचा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ही मोकळीक भांडून मिळवावी लागली.

मोफत आणि मुक्त

पहिल्यांदा एक फरक स्पष्ट करायला हवा. फुकट मिळणारे प्रत्येक साधन मुक्त नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने भारतीय पुराणकथांच्या वातावरणात घडणारा ‘राजी’ हा गेम २०२० साली प्रसिद्ध केला. त्याआधी २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोचला नव्हता, तरी मंडळींनी गेम पूर्ण केला आणि तो जगभर खेळला गेला. हा गेम अनरियल या इंजिनावर बनला. गेम इंजिन म्हणजे चित्र, हालचाल, आवाज, टक्कर, गुरुत्वाकर्षण ही सगळी नित्याची कामे सांभाळणारी तयार यंत्रणा. अनरियल शिकायला आणि वापरायला सुरुवातीला पैसे पडत नाहीत. मात्र गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली, की वरच्या रकमेवर पाच टक्के स्वामित्वधन द्यावे लागते. हा व्यवहार गैर नाही, पण अटी ठरवण्याचा अधिकार कंपनीकडेच राहतो.

मुक्त साधनाचा परवाना वेगळा असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आणि १९८९ सालच्या जीपीएल परवान्यातून एक तत्त्व पुढे आले. कार्यक्रम वापरा, आतून वाचा, बदला, वाटा; मात्र बदललेला वाटलात, तर हीच मोकळीक पुढच्यालाही द्या. गेमच्या दुनियेत याचा मोठा धक्का बसला तो ‘डूम’मुळे. इड सॉफ्टवेअरने १९९३ साली आणलेल्या या गेमची मूळ आज्ञावली डिसेंबर १९९७ मध्ये जाहीर केली आणि दोन वर्षांनी ती जीपीएलखाली आली. तोपर्यंत गेम आतून कसा चालतो हे कारखान्यातले गुपित होते. आता ते कुठल्याही विद्यार्थ्याला वाचता येऊ लागले.

त्रिमितीय वस्तू घडवण्याचे ब्लेंडर हे साधन तर अक्षरशः वर्गणी काढून सोडवून आणलेले आहे. हॉलंडच्या टोन रोझेंदाल यांनी ते विकसित केले होते. २००२ साली त्यांची कंपनी बुडाली, तेव्हा ब्लेंडरची मालकी गुंतवणूकदारांकडे होती. एक लाख युरो दिले तर आज्ञावली मुक्त करू, असे ठरले. रोझेंदाल यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांना हाक दिली, सात आठवड्यांत रक्कम जमली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर जीपीएलखाली आले. गावातल्या मंदिराचा जीर्णोद्धार लोकवर्गणीतून होतो, तशीच ही गोष्ट. त्याच ब्लेंडरवर बनलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ साली उत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

या भागातल्या वाचकाला सहकारी साखर कारखान्याची आठवण होईल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, हे सगळे सभासदांच्या भागभांडवलातून उभे राहिलेले कारखाने. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही अनेकांनी मिळून उभे करणे आहे. फरक इतकाच, की तिथे शेअर घ्यावा लागत नाही. काहीही न देता वापरणाऱ्याचा हक्क आणि रात्रंदिवस काम करणाऱ्याचा हक्क परवान्यात सारखाच. याचा तोटाही आहे. राबणारे थोडे आणि वापरणारे फार, ही तक्रार या चळवळीत कायम ऐकू येते. अनेक प्रकल्प दोन-चार माणसांच्या खांद्यावर उभे असतात आणि ती थकली की थांबतात.

पण थांबलेले काम दुसऱ्याला उचलता येते. ब्लेंडरच्या आतच गेम बनवण्याची एक यंत्रणा होती. २०१९ सालच्या आवृत्तीतून ती काढून टाकली. ज्यांना ती हवी होती, त्यांनी तिची वेगळी शाखा चालवत ठेवली. आज्ञावली बंदिस्त असती, तर ही सोयच उरली नसती.

दुसऱ्यांदा बुडणे

आभासी जगांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक बोचरा होतो. २००३ साली ‘सेकंड लाइफ’ आले. त्यात लोक जमिनी घेत, घरे बांधत, जत्रा भरवत. ते एका कंपनीच्या संगणकांवर चाले. गूगलने २००८ च्या जुलैमध्ये ‘लाइव्हली’ नावाचे आभासी जग काढले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंद केले. मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे ‘ऑल्टस्पेस’ २०२३ च्या मार्चमध्ये मिटले. त्यांत लोकांनी बांधलेले सगळे त्यांच्याबरोबर गेले. उजनीच्या खोऱ्याला हा अनुभव अनोळखी नाही. बुडालेले गाव अशा बंदिस्त जगात उभारायचे आणि कंपनीने एक दिवस वीज बंद करायची, म्हणजे ते गाव दुसऱ्यांदा बुडाले.

सेकंड लाइफने आपल्या दर्शक-कार्यक्रमाची आज्ञावली २००७ च्या जानेवारीत खुली केली. त्याच सुमारास ‘ओपनसिम्युलेटर’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यामुळे तसेच जग आपल्या स्वतःच्या संगणकावर चालवणे शक्य झाले. २०१० साली फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी ‘माइनटेस्ट’ सुरू केले. ठोकळ्यांवर ठोकळे रचून जग बांधायचे हे साधन २०२४ पासून ‘लुआंटी’ या नावाने ओळखले जाते. शाळेतला जुना संगणकही ते पेलू शकतो आणि इंटरनेट नसतानाही ते वर्गातल्या वर्गात चालते.

महाराष्ट्रात मुलांच्या हाती अशी खुली साधने देण्याचा एक प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात झाला. कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या एकशिक्षकी शाळेत ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे संगणक आले. त्यांतली सगळी प्रणाली मुक्त होती. चित्र काढून त्याला हालचाल द्यायची, आज्ञा जोडून छोटा खेळ बनवायचा, अशी साधने त्यात होती. यंत्रे महागडी नव्हती, पण दुरुस्ती, वीज आणि शिक्षकाला मिळणारी साथ या गोष्टी परवान्याने येत नाहीत. मुक्त साधन दारात येते. घरात घ्यायला माणूस लागतो. पुढच्या काळात मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे तयार केले आणि त्यांतले अनेक मराठी आवाजातही आणले. घरात घेणारा माणूस तयार करण्याचे ते काम होते.

‘भिगवण’ लिहिता येणे

आपल्या खोऱ्याच्या खेळात पाट्या मराठीत हव्यात. ‘पळसदेव’ लिहिणे सोपे आहे, अक्षरामागून अक्षर ठेवत गेले की झाले. ‘भिगवण’ लिहायला गेले, की गाडी अडते. संगणकाच्या साठवणीत आधी ‘भ’ येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पण डोळ्यांना वेलांटी ‘भ’च्या डावीकडे दिसली पाहिजे. ‘क्षेत्र’ लिहिताना दोन जोडाक्षरे घडली पाहिजेत. ‘ऱ्हास’ लिहिताना मराठीचा तो खास पापणीसारखा र उमटला पाहिजे. हे काम करणारा वेगळा भाग लागतो. तो नसेल, तर वेलांटी उजवीकडे जाते, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरे ओळीत उभी राहतात.

गोडो हे आज सर्वांत जास्त बोलले जाणारे मुक्त गेम इंजिन आहे. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर यांनी ते घडवले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये खुले केले. नाव बेकेटच्या प्रसिद्ध नाटकावरून घेतलेले. कितीही नव्या सोयी आल्या, तरी अजून एकीची वाट पाहणे संपत नाही, असा त्यातला विनोद. देवनागरीच्या बाबतीत तो विनोद नऊ वर्षे खरा ठरला. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ‘भिगवण’ सरळ लिहिण्याची अंगभूत सोय नव्हती. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती आली.

ती आली कशी, हे महत्त्वाचे आहे. गोडोच्या मंडळींना देवनागरीचे नियम पहिल्यापासून लिहावे लागले नाहीत. ‘हार्फबझ’ नावाचा एक मुक्त कार्यक्रम आधीच होता. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे, त्यावरून हे नाव. अरबी, देवनागरी, तमिळ अशा लिप्यांची अक्षरे योग्य आकारात आणि योग्य क्रमाने बसवणे हे त्याचे काम. फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत तो आधीपासून राबत होता. दोन्हीकडचे परवाने मोकळे असल्याने तो गोडोमध्ये जोडता आला. एका घरची विहीर दुसऱ्याच्या मळ्याला पाणी देते, तसे हे झाले.

अक्षरांचे साचे, म्हणजे फाँट, हेही मुक्त हवेत, कारण गेमबरोबर फाँटही वाटावा लागतो. रेड हॅट कंपनीने २००४ साली ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची फाँटमाला खुली केली आणि तिच्यावर पुण्यातल्या अभियंत्यांनी पुढे काम केले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्त’, ‘बालू’, ‘मोदक’ असे देवनागरी फाँट मोकळ्या परवान्यावर दिले. राज्य मराठी विकास संस्थेसाठी घडलेल्या ‘यशोमुद्रा’वरून मुंबई आयआयटीत ‘शोभिका’ तयार झाला. ‘अॅ’ या उच्चारासाठी मराठी वापरते ते ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. म्हणजे भिगवणची एक पाटी खेळात नीट लावता यावी, यासाठी मुंबई, पुणे आणि जगातल्या अनेक ठिकाणच्या माणसांची वीस वर्षे खर्ची पडली आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. युनिटी या बंदिस्त इंजिनाच्या कंपनीने गेम जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल, तितक्या वेळचे शुल्क आकारण्याचे जाहीर केले. जगभरचे गेमकर्ते संतापले. कंपनीने दहा दिवसांत अटी सौम्य केल्या आणि वर्षभराने तो बेत सोडून दिला. दरम्यान अनेकांनी गोडोकडे मोर्चा वळवला. भाडेकरूला घराचे छप्पर मालकाच्या मर्जीवर आहे हे कळले, की तो स्वतःच्या जागेचा विचार करू लागतो.

जमीन कुठून आणायची?

साधने झाली, अक्षरे झाली. आता खोऱ्याची जमीन हवी. कुठे चढ, कुठे उतार, नदी कुठून वळत होती, हे कळल्याशिवाय गाव उभे राहणार नाही.

डेन्मार्कने २०१३ साली आपल्या भूभागाच्या उंचीची माहिती सर्वांना मोफत खुली केली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारी भूमापन खात्याने सबंध देश ‘माइनक्राफ्ट’ या गेममध्ये एकास एक प्रमाणात उभा केला. काही उपद्व्यापी मंडळींनी त्यात सुरुंग लावून इमारती उडवल्या, हा भाग वेगळा. माइनक्राफ्ट स्वतः मुक्त नाही. तरी देश उभा राहिला, कारण जमिनीची माहिती मोकळी होती. यातून कळते, की इंजिनाइतकाच नकाशाही मुक्त असावा लागतो.

आपल्याकडे काय आहे? अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ यानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. तीस मीटरच्या टप्प्याने केलेली ही मोजणी आज मोफत मिळते. ती उघडून इंदापूरच्या उत्तर सीमेवर पाहावे, तर जिथे खोरे असायला हवे तिथे एक सपाट पट दिसतो. रडारची लहर पाण्याच्या पृष्ठभागावरून परतते आणि २००० साली धरण भरून वीस वर्षे होत आली होती. जगातली सर्वांत उदार माहिती नेमकी आपल्याला हव्या त्या जागी आंधळी आहे.

म्हणून १९८० च्या आधी जावे लागते. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून मोफत आहेत. त्यांत जुन्या भीमेचे वळण दिसते, घरे नाहीत. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात छापलेले अडीच लाखास एक प्रमाणाचे नकाशेही खुले आहेत. त्यांत गावे ठिपक्यांएवढी. खरा उपयोग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांचा, ज्यांत एक इंच म्हणजे एक मैल. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीचे निर्बंध बरेच सैल केले, त्यामुळे भारतीय नागरिकाला असे काम उजळ माथ्याने करता येते. जुने पत्रक क्यूजीआयएस या मुक्त कार्यक्रमात बसवायचे, समोच्च रेषा गिरवायच्या, त्यांवरून ब्लेंडरमध्ये जमीन उठवायची आणि ती गोडोत न्यायची. चिकाटीच्या विद्यार्थ्याला हे जमण्यासारखे आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानमुळे इंदापूरची मुले अभियांत्रिकी शिकायला पुण्यापर्यंत न जाता बारामतीला जाऊ शकतात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय सापडणे अवघड.

पन्नास फुटांच्या मधले गाव

त्या जुन्या पत्रकांवर दोन समोच्च रेषांमधले अंतर साधारणपणे पन्नास फूट उंचीचे असते. भीमेचे खोरे पसरट आहे. एक अख्खे गाव, त्याची वेस, पाणवठा, मळ्याची वाट, हे सगळे दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावते. नकाशा तिथे काही सांगत नाही. आज धरणाच्या तळाशी जाऊन मोजावे, तर मध्ये साडेचार दशकांचा गाळ आहे.

मंदिर उघडे पडते तेव्हा साध्या मोबाइलने चहूबाजूंनी काढलेल्या शे-दोनशे फोटोंवरून ‘मेशरूम’सारख्या मुक्त साधनाने त्याचे त्रिमितीय रूप तयार करता येते. डिकसळचा ब्रिटिशकालीन पूलही असाच नोंदवता येईल. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून निघालेला लोहमार्ग डिकसळपर्यंत पोचला आणि पुढच्या वर्षी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला गेला. धरणाच्या फुगवट्यामुळे लोहमार्ग वळवला गेला आणि जुना रेल्वेपूल इंदापूर-करमाळ्याच्या रहदारीला आला. दगडाच्या वस्तू अशा मोजून ठेवता येतात. मातीची घरे पहिल्या दोन-तीन वर्षांतच विरघळली. त्यांचा पुरावा माणसांच्या आठवणीतच आहे: नदीकडे जाताना कुठली वाट उतरती होती, पुराचे पाणी कुठल्या ओट्याला लागे, कुणाचे घर कुणाच्या पाठीला होते.

त्यामुळे या कामातले पहिले अवजार संगणक नाही. वही आणि ध्वनिमुद्रण हे पहिले. दोन म्हाताऱ्यांच्या सांगण्यात फरक पडेल, तो मिटवून टाकू नये. ज्याला नकाशाचा किंवा फोटोचा आधार आहे ते एका रंगात, जे आठवणीवरून आहे ते दुसऱ्या रंगात, आणि जे निव्वळ अंदाजाने आहे ते तिसऱ्या रंगात दाखवावे. एरवी देखणे चित्र खऱ्याची जागा घेते आणि पुढची पिढी कारागिराच्या कल्पनेलाच इतिहास समजते. शिवाय सांगणाऱ्याला विचारले पाहिजे, की ही आठवण जगासाठी मोकळी करायची का. सॉफ्टवेअर मुक्त असणे चांगले. एखाद्याच्या घरातले दुःख मुक्त करायचे की नाही, हे त्या घराने ठरवावे. धरणग्रस्तांचे गाव हा करमणुकीचा देखावा नाही. राज्याने पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला, तरी धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा लढा त्यानंतरही चालू राहिला.

साधनांचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी एक कुलूप काढलेले दिसते. १९९७ साली गेमचे गुपित, २००२ साली त्रिमितीय अवजार, २०१४ साली इंजिन, २०२१ साली नकाशा, २०२३ साली देवनागरी. यांतले एकही कुलूप पळसदेवसाठी काढलेले नव्हते, पण ती सगळी निघाल्यामुळे पळसदेवपर्यंतची वाट मोकळी झाली आहे. या साधनांना घाई नाही, परवान्याने ती कायमची खुली आहेत. घाई आहे ती दुसऱ्या बाजूला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले, तर मंदिर पुन्हा दिसेल. त्याच्याकडे हात करून ‘आमची आळी त्या अंगाला होती’ असे सांगणारे माणूस तेव्हा काठावर असेलच, याची खात्री कुठलाही परवाना देत नाही.